ऑस्ट्रेलियात सिनेमा दिग्दर्शित करायचाय? आधी निर्माता शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे सांगलीचे, वय ३१, मेलबर्नला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना झालेला. तिथल्या नाटकवेड्या मराठी मंडळींना घेऊन दोन शॉर्ट फिल्म केल्या आहेत. मुलाकडे कायमचे राहायला आलेल्या एका निवृत्त एसटी कंडक्टरच्या गोष्टीवर पूर्ण लांबीची पटकथा तयार आहे, आणि घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले ऐंशी हजार डॉलर बँकेत आहेत. ते विचारतात, "जॉर्ज मिलर डॉक्टर होते. त्यांनी सरकारी मदतीशिवाय पैसे उभे करून 'मॅड मॅक्स' केला. मग मीही स्वतःच दिग्दर्शक आणि स्वतःच निर्माता होऊन हा सिनेमा का करू नये? की नोकरी सोडून आधी फिल्म स्कूलला जाऊ?"

मी सिडनीत लाइन प्रोड्यूसर म्हणून काम करते. पटकथा हातात आली की तिच्या शूटिंगचे दिवस पाडायचे, बजेट बांधायचं, क्रू जमवायचा आणि शूटिंग संपेपर्यंत पैसा आणि वेळ यांचा मेळ घालायचा, हे माझं काम. त्यामुळे पटकथा कशी आहे हे मी सांगणार नाही. तो सिनेमा उभा कसा राहील आणि त्यानंतर तुम्ही या धंद्यात टिकाल कसे, एवढ्याबद्दल बोलते. बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे: घरात दुसरा पगार आहे का, मुलं आहेत का, पुढची पाच-सात वर्षं मिळकत कमी झाली तर चालेल का. ते तुमचं तुम्हालाच ठाऊक.

तुमच्या प्रश्नात मला दोन वेगळे प्रश्न दिसतात. हा एक सिनेमा कसा होईल, हा पहिला. दोन सिनेमांच्या मधल्या वर्षांत तुम्ही काय कराल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर न मिळाल्यामुळे जेवढे दिग्दर्शक मागे पडलेले पाहिले, त्याहून जास्त दुसऱ्यामुळे पाहिले.

मिलर यांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते चांगलंच आहे, पण त्यातला अर्धा भाग तुमच्याकडून सुटला. मिलर क्वीन्सलँडमधल्या चिंचिला या छोट्या गावात वाढले, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकले आणि सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. १९७१ मध्ये मेलबर्नमधल्या एका चित्रपट कार्यशाळेत त्यांना बायरन केनेडी भेटले. दोघांनी आधी एक शॉर्ट फिल्म केली आणि मग 'केनेडी मिलर' ही कंपनी काढली. 'मॅड मॅक्स'चे दिग्दर्शक मिलर होते. निर्माता होते केनेडी.

त्या सिनेमाचा खर्च साधारण साडेतीन ते चार लाख डॉलर. तो खाजगी गुंतवणूकदारांकडून आला, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण तयारीच्या काळात पैसे कमवायला या दोघांनी काय केलं ते बघा. मिलर यांनी तात्पुरता डॉक्टर म्हणून इमर्जन्सीचे कॉल घेतले. रेडिओवर पत्ता यायचा, केनेडी गाडी चालवायचे, मिलर आत जाऊन रुग्ण तपासायचे. तीन महिने हेच. दिग्दर्शक वैद्यकी करतोय आणि निर्माता गाडी हाकतोय. पुढे एडिटिंगही बरंचसं घरातच झालं, केनेडींच्या वडिलांनी बनवलेल्या मशीनवर. चित्र मिलर बघत होते, ध्वनी केनेडी. १९७९ मध्ये सिनेमा आला, जगभरात दहा कोटी डॉलरच्या वर धंदा केला, आणि खर्चाच्या मानाने सर्वाधिक नफ्याचा गिनेस विक्रम त्याच्या नावावर बरीच वर्षं राहिला.

तेव्हा "मिलर यांनी स्वतः पैसे उभे केले" याऐवजी "मिलर यांना केनेडी भेटले" असं वाचा. तुमचा केनेडी कोण, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच कंपनीत आहे. 'मॅड मॅक्स'च्या यशानंतर त्यांनी नुसते भाग दोन आणि तीन काढले नाहीत. सिडनीच्या किंग्ज क्रॉस भागातलं मेट्रो हे जुनं थिएटर विकत घेऊन तिथे बस्तान बसवलं आणि टीव्हीसाठी मालिका करायला घेतल्या. १९७५ मध्ये गव्हर्नर-जनरलनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केलं, त्यावरची 'द डिसमिसल' १९८३ मध्ये आली. १९८४ ची 'बॉडीलाइन' तर आपल्या लोकांनी बघावीच. १९३२-३३ च्या त्या कुप्रसिद्ध क्रिकेट मालिकेची गोष्ट. तिचा खलनायक ठरलेला इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन मुंबईत जन्मलेला. या मालिका एकाच दिग्दर्शकाच्या नव्हत्या. जॉर्ज ओगिल्वी, कार्ल शुल्ट्झ, फिलिप नॉइस असे वेगवेगळे लोक त्यांच्यात होते. ओगिल्वी मूळचे रंगभूमीचे. नटांसोबत कसं काम करायचं हे इतरांना त्यांच्याकडून शिकायला मिळालं.

१९८३ मध्ये केनेडी हेलिकॉप्टर अपघातात गेले, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. कंपनीतलं त्यांचं नाव मिलर यांनी काढलं नाही. नंतर निर्मात्याची बाजू डग मिचेल यांनी सांभाळली आणि कंपनीच्या नावात तेही आले. मग कंपनीने दुसऱ्यांचे सिनेमे काढले: जॉन ड्यूगन यांचा 'द इयर माय व्हॉइस ब्रोक', फिलिप नॉइस यांचा 'डेड काम', आणि १९९५ मध्ये 'बेब'. 'बेब' मिलर यांचाच समजणारे पुष्कळ भेटतात. तो दिग्दर्शित केला ख्रिस नूनन यांनी. मिलर निर्माते आणि सहलेखक होते. सात ऑस्कर नामांकनं मिळाली.

हा हिशेब मांडते त्याला कारण आहे. मिलर यांच्या स्वतः दिग्दर्शित केलेल्या सिनेमांमधलं अंतर बघा. १९९२ चा 'लोरेन्झोज ऑइल', मग १९९८, मग थेट २००६ चा 'हॅपी फीट'. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' २०१५ मध्ये आला, पण त्याचा घाट घालायला सुरुवात झाली होती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. मध्ये एकदा ब्रोकन हिलला शूटिंग ठरलं, तर इतका पाऊस झाला की वाळवंटावर हिरवळ आणि फुलं आली, आणि सगळं लटांबर नामिबियाला न्यावं लागलं. दहा ऑस्कर नामांकनं आणि सहा पुरस्कार मिळवणाऱ्या सिनेमाची ही कथा. ज्याच्यामागे कंपनी नाही, हक्क नाहीत, दुसरं काही शिजत नाही, असा दिग्दर्शक एवढा काळ कशावर काढेल? मिलर निर्माते झाले म्हणूनच दिग्दर्शक म्हणून टिकले, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या ऐंशी हजारांकडे येते.

२००७ पासून इथे प्रोड्यूसर ऑफसेट नावाची व्यवस्था आहे. थिएटरसाठी केलेल्या फीचर फिल्मवर ऑस्ट्रेलियात झालेल्या, नियमांत बसणाऱ्या म्हणजे 'पात्र' खर्चाच्या ४० टक्के रक्कम करातून परत मिळते. समजा तुमचं बजेट वीस लाख डॉलर आहे आणि त्यातले अठरा लाख पात्र ठरले, तर सात लाख वीस हजार परत. केवढी मोठी रक्कम आहे बघा! पण बारकावे वाचा. पात्र खर्च किमान पाच लाख डॉलर असावा लागतो. त्याच्या खाली एक डॉलरही नाही. पैसा मिळतो सिनेमा पुरा झाल्यावर, स्क्रीन ऑस्ट्रेलिया या केंद्र सरकारच्या चित्रपट संस्थेचं अंतिम प्रमाणपत्र आणि टॅक्स रिटर्न या वाटेने. शूटिंगच्या आठवड्यात क्रूचे पगार त्यातून होत नाहीत. त्यासाठी त्या येणाऱ्या रकमेवर कर्ज काढावं लागतं आणि व्याज बजेटमध्ये धरावं लागतं. आणि हा पैसा मिळतो सिनेमा बनवणाऱ्या कंपनीला. दिग्दर्शकाचं नाव त्या अर्जात असतं, खातं निर्मात्याच्या कंपनीचं असतं. फायनान्स प्लॅनमध्ये, म्हणजे पैसा कुठून येणार त्या तक्त्यात, ही रक्कम सहसा निर्मात्याच्या बाजूचा वाटा म्हणून धरली जाते, म्हणजे पुढे नफ्यात कोणाचा किती भाग याची बोलणी इथूनच सुरू होतात.

माझ्या टेबलावर येणाऱ्या फायनान्स प्लॅनचं पान साधं असतं. डावीकडे पैशांचा स्रोत, मध्ये रक्कम, उजवीकडे "पक्कं" की "अपेक्षित". ऑफसेट, स्क्रीन ऑस्ट्रेलिया, राज्याची संस्था, वितरकाची आगाऊ रक्कम, खाजगी गुंतवणूक. गंमत अशी की प्रत्येक जण दुसऱ्याच्या रकान्यात "पक्कं" दिसायची वाट बघत असतो. वितरक म्हणतो सरकारी पैसा आला का, सरकारी संस्था विचारते वितरक कोण, कर्ज देणारा विचारतो दोन्ही कुठे आहेत. या सगळ्यांना एकाच महिन्यात हो म्हणायला लावणं, हेच निर्मात्याचं कसब. ते पूर्ण वेळेचं काम आहे. तोच माणूस त्याच महिन्यात कंडक्टर आजोबांच्या भूमिकेसाठी नटाबरोबर तालीम करू शकत नाही. करू गेला तर दोन्ही अर्धवट राहतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

म्हणून तुमचे ऐंशी हजार शूटिंगमध्ये घालू नका. पाच लाखांच्या खाली ऑफसेट नाही, म्हणजे त्या रकमेत केलेला सिनेमा या व्यवस्थेच्या बाहेरच राहतो. शिवाय ऐंशी हजारांत पूर्ण लांबीचा सिनेमा म्हणजे क्रूला फुकट किंवा अर्ध्या पैशात राबवणं. इथे नियमानुसार एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीपर्यंत क्रूला दहा तासांची विश्रांती द्यावी लागते. ती मोडली की ओव्हरटाइम चढतो, आणि चढायलाच हवा, कारण रात्री उशिरा थकून गाडी चालवत घरी जाणारी माणसं असतात ती. मैत्रीखातर ही विश्रांती मोडणारे दिग्दर्शक पुढच्या वेळी क्रू शोधत फिरतात.

मग स्वतः निर्माता व्हायचंच नाही का? व्हा, पण त्याचे रस्ते वेगळे आहेत आणि कोणता तुमचा ते स्वभावावर आहे.

रॉबर्ट कॉनली यांचा रस्ता मला सगळ्यात शहाणा वाटतो. त्यांनी आधी निर्मितीचं शिक्षण घेतलं आणि रोवन वुड्स यांनी दिग्दर्शित केलेला 'द बॉइज' १९९८ मध्ये निर्माते म्हणून केला. मग २००१ मध्ये 'द बँक' स्वतः दिग्दर्शित केला. 'द बॉइज'मधले डेव्हिड वेनहॅम त्यातही होते. दुसऱ्याचा सिनेमा उभा करताना जोडलेली माणसं स्वतःच्या सिनेमाला कामी आली, हे उघड दिसतं. पुढे 'बालिबो', मुलांसाठीचा 'पेपर प्लेन्स', आणि २०२१ च्या सुरुवातीला आलेला 'द ड्राय', ज्याने ऑस्ट्रेलियातल्या थिएटरांत दोन कोटी डॉलरच्या वर धंदा केला, तोही करोनाच्या काळात. हिशेबाची ज्यांना भीती वाटत नाही त्यांनी हा रस्ता घ्यावा. सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्याला ती नसावी असा माझा अंदाज.

रॉल्फ डी हीअर यांची गोष्ट अगदी निराळी. जन्माने डच, काम ॲडिलेडमध्ये, लेखक-दिग्दर्शक-निर्माता तिन्ही तेच. त्यांना हे साधलं, कारण त्यांनी कल्पनाच बजेटच्या मापाने केल्या. 'बॅड बॉय बबी'साठी तीसहून जास्त कॅमेरामन वापरले. मूळ विचार असा की पैसे जमतील तसं तुकड्यातुकड्यांनी शूट करायचं आणि जो कॅमेरामन मोकळा असेल तो घ्यायचा. मग त्याचंच रूप केलं: पस्तीस वर्षं कोंडून ठेवलेला माणूस बाहेर पडतो आणि प्रत्येक नवी जागा वेगळ्या नजरेने दिसते. पुढे रीतसर निधी मिळाला तरी ही पद्धत ठेवली. १९९३ मध्ये व्हेनिसला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. एकट्याने सगळं करायचं तर अडचणीला पटकथेत जागा देता आली पाहिजे. तुमची पटकथा मेलबर्न, सांगली, एसटी डेपो आणि तीस वर्षांपूर्वीचा काळ एवढं मागते आहे. ती या पद्धतीने होणार नाही.

आणि फिल्म स्कूल. १९७३ मध्ये सिडनीच्या ऑस्ट्रेलियन फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलची सुरुवात झाली, तेव्हाच्या पहिल्या मोजक्या विद्यार्थ्यांत जिलियन आर्मस्ट्राँग, फिलिप नॉइस आणि ख्रिस नूनन होते. वरच्या मजकुरात नॉइस आणि नूनन ही नावं कुठे येऊन गेली बघा: दोघेही मिलर यांच्या कंपनीचे दिग्दर्शक. शाळेचा खरा लाभ हा असतो. जे शिकवतात ते चांगलंच असतं, पण वर्गात शेजारी बसलेला निर्मितीचा विद्यार्थी जास्त मोलाचा. तुमच्या मेलबर्नच्या व्हिक्टोरियन कॉलेज ऑफ द आर्ट्समधून ॲडम एलियट आणि डेव्हिड मिशोड हे दिग्दर्शक आले. जायचं असेल तर दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमापेक्षा निर्मितीचा अभ्यासक्रम आधी पाहा, आणि नोकरी अर्धवेळ करता येते का ते विचारा. सोडू नका.

शाळेशिवायही हे घडतं. ॲडिलेडचे डॅनी आणि मायकेल फिलिपू यूट्यूबवर धुडगूस घालणारे व्हिडिओ करून प्रसिद्ध झाले. पण डॅनीने त्याआधी जेनिफर केंट यांच्या 'द बाबाडूक'च्या सेटवर पडेल ते काम केलं होतं. त्या सिनेमाच्या निर्मात्यांपैकी एक क्रिस्टिना सेटन. पुढे फिलिपू बंधूंच्या 'टॉक टू मी'च्या निर्मात्यांतही त्याच आहेत. सेटवर चहाचे कप उचलणारा पोरगा कसा आहे हे निर्मात्याला दिसत असतं.

तर इथवरचं एकत्र सांगते: पैसे राखून ठेवा, नोकरी धरून ठेवा, निर्माता शोधा, आणि शोधता शोधता निर्मितीचं काम थोडं स्वतः शिका.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच: सिनेमा मराठीत असला तर ऑफसेट मिळेल का? भाषा आड येत नाही. सिनेमा ऑस्ट्रेलियन ठरवताना विषय, चित्रीकरणाची जागा, काम करणाऱ्यांचं नागरिकत्व-वास्तव्य आणि खर्च कुठे झाला हे बघतात. डी हीअर यांचाच 'टेन कनूज' आदिवासी भाषांत आहे, आणि व्हानुआटूतल्या एका बेटाच्या भाषेत केलेला 'टाना' ऑस्ट्रेलियातर्फे ऑस्करच्या अंतिम नामांकनात गेला. मराठी आजोबा मेलबर्नच्या ट्रॅममध्ये बसून मराठीत बोलतील तर तो ऑस्ट्रेलियन सिनेमाच आहे, आणि असा सिनेमा इथे व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र थिएटरमधल्या व्यावसायिक प्रदर्शनाचा खरा इरादा दाखवावा लागतो आणि तो वितरकाच्या कराराने सिद्ध होतो. मंडळाने एका रविवारी हॉल भाड्याने घेऊन खेळ लावला, एवढ्याने भागणार नाही.

सांगलीच्या भागासाठी दुसरी वाटही आहे. २०२३ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियामध्ये सहनिर्मितीचा करार झाला. त्याखाली मान्यता मिळालेला सिनेमा दोन्ही देशांत आपला मानला जातो. पण दोन्हीकडे निर्माता लागतो, पैसा आणि माणसं दोन्ही बाजूंनी ठराविक प्रमाणात यावी लागतात, आणि दोन्ही सरकारांची मान्यता लागते. पहिल्याच सिनेमाला हे ओझं जड आहे. 'लायन'सारखा सिनेमा कोलकाता, इंदूर आणि टास्मानियात चित्रित झाला तेव्हा मागे सी-सॉ फिल्म्ससारखी मुरलेली कंपनी होती, आणि दिग्दर्शक गार्थ डेव्हिस यांचा तो पहिला सिनेमा असला तरी जाहिराती आणि टीव्हीवर त्यांचा हात बसलेला होता. मला विचाराल तर डेपोचे प्रसंग तीनवर आणा, तेही असे की गरज पडल्यास छोट्या युनिटने चार दिवसांत उरकतील.

या वर्षी करायची कामं. ऐंशी हजारांतले दहा-बारा हजार काढा. त्यातून पटकथेवर एका अनुभवी स्क्रिप्ट एडिटरचं काम करून घ्या आणि आजोबांच्या गोष्टीतला एकच प्रसंग, दहा मिनिटांचा, क्रूला रीतसर पैसे देऊन शूट करा. जेम्स वॉन आणि ली व्हॅनेल यांनी 'सॉ'साठी हेच केलं होतं. पटकथेबरोबर एका प्रसंगाची शॉर्ट फिल्म घेऊन ते लॉस एंजेलिसला गेले. त्या शूटिंगला निर्माता म्हणून स्वतःचं नाव लावू नका. निर्मितीत नव्याने आलेल्या, पण एक-दोन शॉर्ट फिल्म केलेल्या कुणाला तरी घ्या. दहा मिनिटांच्या कामात कळतं की या माणसाबरोबर सात वर्षं काढता येतील का. पटकथेचे हक्क, सहलेखक असेल तर त्याचा करार आणि नटांची संमतिपत्रं पहिल्या दिवसापासून कागदावर ठेवा. पुढे वकील तीच मागणार आहे.

तुमच्या राज्याची संस्था विकस्क्रीन. तिच्या आणि स्क्रीन ऑस्ट्रेलियाच्या विकासनिधीचे नियम त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत, आणि ते बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरायच्या आठवड्यात पुन्हा वाचा. पीआर असल्यामुळे तुम्हाला अर्ज करता येतो. अटॅचमेंटच्या जागा निघतात, म्हणजे चालू निर्मितीत एखाद्या दिग्दर्शकाच्या किंवा निर्मात्याच्या हाताखाली काही आठवडे राहणं. दोन्ही मिळण्यासारख्या असतील तर निर्मात्याची घ्या. त्यासाठी ऑफिसातून बिनपगारी रजा मिळते का ते आत्ताच विचारून ठेवा, कारण या जागा निघतात तेव्हा होकार कळवायला फार दिवस देत नाहीत.